गृहशिक्षण : तान्ह्या बाळाची दिवसाची झोप

मौंजीबंधनाच्या वेळी बटूस ब्रह्मचर्याश्रमाचे जे नियम सांगण्यात येतात, त्यांत दिवसा निजू नये हाही एक नियम असतो. आयुर्वेदानेही निरोगी मनुष्यास ग्रीष्म ऋतू वगळता दिवसाची झोप अहितकर मानली आहे. ह्या दोन्ही गोष्टी आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या मनांत इतक्या खोल रुजलेल्या आहेत, की पाळण्यातील तान्ह्या बालकासही त्या नकळत लागू केल्या जातात. "आता निजवू नकोस गं, दिवसा निजला तर रात्री घर डोक्यावर घेईल," हे वाक्य ज्या घरी ऐकू येत नाही असे घर विरळा. परंतु चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, ज्यांस दिवसाची झोप सर्व ऋतूंत हितकर सांगितली आहे त्यांची जी गणना केली आहे, तीत बालकाचा स्पष्ट उल्लेख आहे. नियम बटूसाठी आहे, बाळासाठी नाही. तेव्हा ह्या महिन्यात तान्ह्या मुलाच्या दिवसाच्या झोपेस वळण कसे लावावे, आणि विशेषतः आपल्यासारख्या एकत्र कुटुंबात ते का मोडते, ह्याचा थोडा विचार करू.

प्रथम झोपेचे मान पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार जन्मापासून तीन महिन्यांपर्यंतच्या बालकास चोवीस तासांत १४ ते १७ तास, आणि चार ते अकरा महिन्यांच्या बालकास १२ ते १६ तास झोप आवश्यक असते. दिवसाच्या डुलक्या ह्यातच धरावयाच्या. एवढी झोप केवळ रात्रीत भागणे शक्य नाही, हे साध्या वजाबाकीने ध्यानात येईल. दिवसाची झोप तोडली असता ती रात्रीच्या खात्यात जमा होते, हा हिशेब तान्ह्या मुलाच्या बाबतीत बहुधा चुकतो. फार वेळ जागलेले मूल थकते, थकल्याने चिडते, चिडल्याने त्यास झोप लागत नाही, आणि लागली तरी ते दचकून उठते. दिवेलागणीच्या सुमारास पुष्कळ बाळे किंचाळून रडतात. सहा आठवड्यांच्या सुमारास हे रडणे फार वाढते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुधा आपोआप ओसरते. आपण त्यास दृष्ट लागली म्हणतो आणि मीठमोहऱ्या ओवाळून टाकतो. ओवाळण्याने अपाय होत नाही. परंतु त्याबरोबरच त्या दिवशी दुपारी बाळ किती निजले होते, हेही एकदा आठवून पाहावे.

दिवसरात्रीचा भेद मूल जन्मतः जाणत नाही. तो साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या महिन्यांत हळूहळू जुळत येतो. त्यास मदत करावयाची ती प्रकाशाने. सकाळी खिडक्यांची दारे उघडून बाळास उजेडात आणावे. दिवसा जागे असताना त्याच्याशी बोलावे, खेळावे. रात्री मात्र पाजताना दिवा मंद ठेवावा आणि बोलणे आवश्यक तेवढेच करावे. रात्रीची झोप सुधारण्याचा हा मार्ग आहे, दिवसा जागवून ठेवणे हा नव्हे.

आता बाळाच्या झोपेचे स्वरूप पाहू. झोपेत बाळ हसले की आपल्या आज्या म्हणतात, सटवाई हसवते; ओठ काढून मुसमुसले की म्हणतात, सटवाई रडवते. ह्या समजुतीमागचे निरीक्षण अगदी खरे आहे. शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की व क्लाइटमन ह्या संशोधकांनी १९५३ साली दाखवून दिले की झोपेत काही काळ असा येतो, की ज्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हालत असतात. नवजात बालकाची जवळजवळ अर्धी झोप ह्या चंचल प्रकारची असते. तीत ते हसते, कण्हते, हातपाय झाडते, क्षणभर डोळेही उघडते. परंतु ते जागे झालेले नसते. शिवाय तान्ह्या मुलाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे पन्नास मिनिटांचेच असते, आणि दोन आवर्तनांच्या सांध्यावर ते चाळवते. अशा वेळी कोणी धावत जाऊन त्यास उचलले, म्हणजे जी झोप आणखी तासभर टिकली असती ती तेथेच संपते. म्हणून पहिला नियम असा, की बाळ चाळवले असता दोन-चार मिनिटे दुरून पाहावे. खरोखर जागे झाले असेल तर ते स्वतःच सर्वांस कळवील. सटवाईला तिचे काम करू द्यावे!

दुसरा नियम, घड्याळाकडे पाहण्याआधी बाळाकडे पाहावे. मी आयुष्यभर शाळेत घंटेच्या तालावर वावरलो; तरी सांगतो की तान्ह्या मुलास तासिकांचे वेळापत्रक लागू पडत नाही. गेल्या शतकाच्या आरंभी न्यूझीलंडमधील डॉ. ट्रुबी किंग ह्यांनी चार-चार तासांच्या अंतराने पाजण्याचा आणि नेमल्या वेळीच निजवण्याचा कडक पंथ काढला. तो इंग्रजी जाणणाऱ्या जगात पुष्कळ पसरला, परंतु पुढे मागे पडला. आजचे वैद्यक बाळ मागेल तेव्हा पाजावे असेच सांगते. मग वळण कशास लावावयाचे? तर क्रमास. वेळ पुढेमागे होईल, क्रम बदलू नये. झोपेतून उठणे, पाजणे, थोडे खेळणे, आणि थकव्याची खूण दिसताच पुन्हा निजवणे, हे चक्र दिवसभर एकाच रीतीने फिरले, की दोन-तीन आठवड्यांत बाळास पुढे काय येणार ते कळू लागते आणि त्याची धडपड कमी होते.

थकव्याच्या खुणा प्रत्येक आईस थोड्या निरीक्षणाने ओळखता येतात. नजर एकाच ठिकाणी खिळणे, तोंड फिरवून घेणे, डोळे वा कान चोळणे, जांभई, हालचालींतील झटके, ह्या आरंभीच्या खुणा होत. रडणे ही शेवटची खूण, आणि तोपर्यंत थांबल्यास उशीर झालेला असतो. ढोबळ मानाने सांगावयाचे तर दोन महिन्यांपर्यंतचे बाळ एका वेळी तास-सव्वा तासाहून अधिक जागे राहू शकत नाही; चौथ्या महिन्यात दीड ते दोन तास; सहाव्यात दोन ते अडीच. त्यानुसार चौथ्या महिन्यात दिवसा तीन-चार वेळा, आठव्या-नवव्या महिन्यात दोनदा, आणि वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास एकदाच, असे डुलक्यांचे मान उतरत जाते. प्रत्येक मूल ह्यात थोडेफार वेगळे निघते, आणि पहिल्या तीन महिन्यांत तर नियमितपणाची फारशी अपेक्षाच करू नये.

क्रम लावावयास कोठून आरंभ करावा? आपल्या घरांत त्यास एक उत्तम आधार आयताच आहे, तो म्हणजे सकाळचे न्हाण. तेल चोळून, कोमट पाण्याने न्हाऊ घालून, कोरडे करून, दूध पाजल्यावर बाळ जसे निजते तसे दिवसात पुन्हा निजत नाही. ही झोप दिवसाची खुंटी समजावी आणि बाकीचा दिवस तिच्यावर टांगावा. त्यासाठी न्हाणाची वेळ रोज एकच असावी. न्हाऊ घालणारी बाई आज आठला आणि उद्या अकराला आली, तर बाळाचा संबंध दिवस सरकतो. धुरी मात्र देऊ नये. ओवा-वेखंडाचा असला तरी धूर तो धूरच, आणि तान्ह्या मुलाच्या कोवळ्या फुप्फुसांस तो सोसत नाही.

आमच्या घरी सध्या चार महिन्यांचा नातू आहे. घर कर्नाळ्याच्या पायथ्याशी, आणि घरात माझ्या मातोश्रींपासून धाकट्या चिरंजीवांपर्यंत मोठी माणसे सात. दोन महिन्यांमागे सूनबाईंची प्रकृती फार उतरलेली दिसली. बाळ दिवसा वीस मिनिटांवर निजत नसे, आणि त्यामुळे तिलाही पाठ टेकण्यास मिळत नसे. मी तिला सुचवले, "सूनबाई, एक वही कर. आठ दिवस बाळ केव्हा निजले, केव्हा उठले, आणि कशाने उठले, एवढेच लिही." वही पूर्ण झाल्यावर तिने ती मजपुढे ठेवली आणि म्हणाली, "मामंजी, बाळ आपण होऊन फार थोड्या वेळा उठलं आहे." वहीत खरोखर तसेच होते. कोणी पाहुणे बघावयास आले म्हणून उचलले. कोणी कामावर निघण्यापूर्वी पापा घेतला. कोणी पाळणा जोराने हालवला. कोणी हालणारा पाळणा थांबवला. कोणी खोलीत येऊन फोनवर बोलले. प्रत्येकाने ते प्रेमानेच केले होते. परंतु सात जणांचे प्रेम दिवसातून सात वेळा झोपेवर येऊन आदळले, तर त्या जिवाने करावे काय?

एकत्र कुटुंबातील अडचण ती हीच. लहान बिऱ्हाडात बाळास घेणारे हात कमी म्हणून आई दमते. आपल्याकडे हात पुष्कळ, परंतु प्रत्येक हाताची रीत निराळी, म्हणून बाळ दमते आणि त्याच्यामागे आईही. एक जण खांद्यावर थोपटून निजवतो, दुसरा मांडीवर, तिसरा झोळीत. सकाळी अंगाई, दुपारी दूरदर्शनसंच. बाळास ह्यातून झोपेची एकही ओळखीची खूण लाभत नाही. ह्यावर उपाय म्हणून आमच्या घरी जे ठरले ते सांगतो. बाळ निजले असता त्यास उठवावयाचे की नाही, आणि निजवावयाचे केव्हा, ह्याचा निर्णय केवळ त्याच्या आईचा. त्यात पणजीनेही बोलावयाचे नाही. निजवण्याची रीत एकच: खोलीतील उजेड कमी करणे, दुपटे घालणे, तीच एक अंगाई, आणि डोळे जड झाले की पूर्ण निजण्यापूर्वीच अंथरुणावर ठेवणे. कोणीही निजवो, रीत तीच. पाहुण्यांनी बाळ पाहण्याची वेळ सायंकाळी पाचनंतर. माझ्या मातोश्रींस, वय वर्षे ८८, हे प्रथम रुचले नाही. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही." परंतु तिसऱ्या आठवड्यापासून खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसणारे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास बोटाने गप्प करणारे घरातील सर्वांत कडक पहारेकरी त्याच झाल्या आहेत.

आवाजाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. झोपेसाठी घर स्मशानासारखे शांत करण्याचे कारण नाही. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य १९६८ साली झाले, आणि त्यातूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो. त्यामुळे आमच्याकडे दोन्ही प्रकारचे आवाज आहेत. भर दुपारी, इतर पाखरे गप्प असता, तांबट पक्षी तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा एकसुरी टुक-टुक करीत असतो. आषाढात कौलांवर पाऊस तासन् तास वाजतो. ह्याने बाळ उठत नाही, किंबहुना अधिक गाढ निजते. मालमोटारीचा एक कर्णा मात्र त्यास दचकवून उठवतो. सतत आणि सम आवाज झोपेस पोषक, आकस्मिक आवाज मारक. यास्तव बाळाची खोली रस्त्याच्या अंगास नसावी, कुकरच्या शिट्टीच्या आणि दारावरच्या घंटेच्या जवळ नसावी. स्वयंपाकघरातील नेहमीच्या हलक्या वर्दळीस मात्र हरकत नाही. सुश्रुतांनी शारीरस्थानात बालकास एकाएकी जागे करू नये, ते भिते, असे सांगितले आहे. पहिल्या काही आठवड्यांत वजन वाढेपर्यंत वैद्यांच्या सल्ल्याने बाळास पाजण्यासाठी उठवावे लागते; तेही दुपटे सैल करून, तळवे चोळून, हळूच उठवावे.

आता एका गंभीर विषयाकडे वळतो. बाळ निजत नाही, आणि आईस तर काम सुटत नाही, ह्या पेचातून मार्ग म्हणून समाजाने एके काळी काय केले, ते विसरता कामा नये. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रिया आपल्या तान्ह्या मुलांस बाळागोळी देत असत. बाळागोळी म्हणजे अफूची गोळी. सरकारच्या वतीने ह्या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स ह्या बाईंनी १९२२ च्या सुमारास नोंदवले, की गिरणीकामगार स्त्रियांच्या अर्भकांपैकी शेकडा ९८ अर्भकांस अफू दिली जाते. मूल दिवसभर निपचित पडून राही, रडत नसे, आणि भूक मरून सुकत जाई. त्या माउल्यांस दोष देणे सोपे आहे. परंतु दहा-दहा तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या स्त्रीजवळ दुसरा उपाय कोणता होता? उपाय निघाला तो उपदेशाने निघाला नाही, व्यवस्थेने निघाला. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला. १९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे काम करतात तेथे मुलांसाठी स्वतंत्र खोली ठेवावयास लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला. बाळाची झोप ही सभोवतालच्या माणसांच्या व्यवस्थेवर अवलंबून असते, ह्याचे ह्याहून ठळक प्रमाण दुसरे नाही.

ही गोष्ट गिरणगावची, आपल्या सुशिक्षित घरांची नव्हे, असे म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये. सर्दीचे औषध पाजले की बाळ छान निजते, हे एकीने दुसरीस सांगितलेले रहस्य पुष्कळ घरांत फिरत असते. त्या औषधातील गुंगी आणि बाळागोळीतील गुंगी ह्यांत द्रव्याचा भेद असेल, वृत्तीचा नाही. आणि तान्ह्या मुलाच्या श्वासावर तिचा परिणाम घातक होऊ शकतो. गुटीत झोपेसाठी जायफळाचे वेढे वाढवणे हाही त्यातलाच प्रकार. जायफळ अधिक झाल्यास विषासारखे बाधते. आणि पहिले सहा महिने बाळास आईच्या दुधावाचून काहीही देऊ नये, असे आजचे वैद्यक निक्षून सांगते. झोप आणावयाची नसते, येऊ द्यावयाची असते.

निजवण्याच्या जागेसंबंधी थोडक्यात सांगतो. बाळास प्रत्येक वेळी, दिवसाही, उताणेच निजवावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ साली पालथे न निजवण्याचा सल्ला दिला, आणि पुढील दहा वर्षांत झोपेत अकस्मात होणारे बालमृत्यू तेथे सुमारे निम्म्यावर आले. अंथरूण सपाट व घट्ट असावे. डोके गोल व्हावे म्हणून आपण मोहरीची उशी देतो. ती झोपेत नको, तसेच मऊ गाद्या, गोधड्यांचे ढीग आणि खेळणीही जवळ नकोत. डोके गोल राहण्यास जागेपणी, कोणी समोर बसून, बाळास थोडा वेळ पालथे ठेवणे पुरते. झोळीत बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वास कोंडू शकतो. म्हणून झोळी शांत करण्यापुरती, आणि ती देखील नजरेखाली. बाळ निजले की सपाट जागी ठेवावे. बाळ कुशीवर वळू लागले की त्यास दुपट्यात घट्ट बांधणे बंद करावे. आणि मांडीवर वा कोचावर बाळ घेऊन स्वतः डुलकी काढू नये, हे आम्हा आजोबा मंडळींनी विशेष ध्यानात ठेवावे.

वळण लागले म्हणजे ते कायमचे लागले असे समजू नये. दात येताना, लस टोचल्यावर, परगावी गेल्यावर, पालथे पडणे वा रांगणे नवे शिकताना ते मोडतेच. तेव्हा न चिडता पुन्हा न्हाणाच्या झोपेपासून आरंभ करावा. मात्र एरवी चपळ असलेले बाळ एकाएकी सुस्त झाले, पाजण्यासाठी उठेनासे झाले, अंग तापले वा श्वास लागला, तर ती झोप नव्हे, आजार होय. तेथे वहीत नोंद करीत न बसता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

शेवटी ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहिला त्याकडे येतो. दुपारी बाळ दीड तास निजले, तर त्या दीड तासाचे घरात काय होते? पुष्कळ घरांत तेवढ्यात आईने कपड्यांच्या घड्या कराव्या, निवडणे-टिपणे उरकावे, अशी अपेक्षा असते. रात्री तीनदा उठलेल्या त्या मुलीस दुपारी आडवे होण्याचा अधिकार आहे, हे सासूबाईंनी, जावांनी आणि पुरुषांनीही मान्य केले, तर बाळाच्या झोपेचे निम्मे काम झाले असे समजावे. कारण स्वस्थ हातांत बाळ स्वस्थ निजते. आमच्या घरी आता दुपारचा चहा ज्यास हवा तो स्वतः करतो. चहा कधी पांचट होतो, कधी उतू जातो. परंतु सूनबाईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेली. ज्या घरी पाळणा हालत असेल त्या घरातील मंडळींनी हा लेख वाचून झाल्यावर एवढेच करावे: आठ दिवसांची वही ठेवावी, आणि बाळ कशाने उठले त्या रकान्यात आपले स्वतःचे नाव किती वेळा येते ते मोजावे.